पुळणीचं वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर "चला, उद्या कोकणात" असं ठरतं, तेव्हा दोन प्रश्न हमखास निघतात. किती किलोमीटर आणि किती तास? खरा पहिला प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: उद्या तिथी कोणती?

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघा. शुक्ल असो वा कृष्ण, तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करा. येईल ती भरतीची वेळ, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी 3 ला आणि पहाटे 3 ला भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला 6. पौर्णिमा-अमावास्येला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, तेव्हा साडेअकरा-बारा धरून चाला. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे कोळी लोक म्हणतात ती सुकती. दोन भरतींमध्ये 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. हिशोब ढोबळ आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण मुक्कामाचा दिवस ठरवायला एवढं पुरतं.

आता ह्याचा उपयोग. सूर्य बुडताना रुंद, ओली, पायाला घट्ट लागणारी पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास जा. तेव्हा संध्याकाळी साडेपाच-सहाला सुकती असते आणि उधाणाचे, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मोठ्या असण्याचे, दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं असतं. अष्टमीला गेलात तर सुकती भर दुपारी बाराला, तळपाय भाजायला, आणि संध्याकाळी पाणी पुढे आलेलं. मग चालायला उरते ती वरची कोरडी वाळू, जिच्यात प्रत्येक पाऊल रुततं. किनारा तोच, गाव तेच. तरी एक घर खूश होऊन परत येतं आणि दुसरं म्हणतं, काय विशेष नव्हतं.

वाट सांगतो. ठाण्याहून ठाणे-बेलापूर रस्ता धरून कळंबोली, तिथून पळस्पे फाटा. शिळफाट्याची वाट नकाशावर आकर्षक दिसते, पण तिथे अवजड गाड्या. पळस्प्यापासून 66 क्रमांकाचा महामार्ग: पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. घर पहाटे 5 च्या आत सोडा. माणगावची बाजारपेठ सकाळी लवकर ओलांडली की निम्मा त्रास संपला. माणगावहून उजवीकडे म्हसळा. मधला घोणशाचा घाट छोटा पण वळणांचा आहे, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको. पुढे हरिहरेश्वर आणि बागमांडला. ठाण्यापासून सुमारे 200 किलोमीटर, थांबे धरून साडेपाच-सहा तास.

बागमांडल्याला रस्ता संपतो आणि सावित्रीची खाडी लागते. इथून जंगलजेटी, म्हणजे गाडीसकट माणसं नेणारी फेरीबोट, पलीकडे वेसवीला सोडते. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. पण सुट्टीच्या दिवशी रांग लागते, आणि शेवटची फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून अंधारात घाटरस्ता. म्हणून पोचण्याची वेळ सूर्यास्ताची नको, दुपारची ठेवा. बोटीवर चढवताना सोबतच्यांना उतरवा, हात करणाऱ्या खलाशाकडेच बघा. आत गेल्यावर हँडब्रेक लावा आणि गाडी गिअरमध्येही ठेवा. खाली बुटकी गाडी असेल तर रॅम्पच्या टोकाला पोट घासतं. सरळ न चढता किंचित तिरकं चढवलं की वाचतं.

पलीकडे बाणकोट आणि वेळास. वेळास म्हणजे नाना फडणविसांचं मूळ गाव, पण आता लोक जातात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या हिवाळ्यात रात्री वर येऊन शंभरेक अंडी घालून जातात. गावकरी ती जाळीच्या कुंपणात पुरतात, 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्राकडे सोडतात. हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. पिल्लं तारीख बघून निघत नाहीत, त्यामुळे ज्या घरी उतरणार तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारा. मोबाइलची बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. पोराला "हातात घेऊन बघ" म्हणणारे काका प्रत्येक गर्दीत एक असतात. ते आपण नसावं.

त्याच्या दक्षिणेला केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. केळशीला वाळूची अख्खी टेकडी आहे. तिच्यावर घसरगुंडी खेळू नका, वाळू धरून ठेवणारी झुडपं उपटली गेली की ती ढासळते. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. तो टोपलीच्या हिशोबात चालतो, किलोच्या नाही. मासळी न्यायची तर बर्फाची पेटी घरूनच घ्या.

आता गाडी पुळणीवर न्यायची का? नको. बऱ्याच ठिकाणी बंदी आहेच, पण ती नसती तरी नको. ओली वाळू सिमेंटसारखी वाटते, आणि खाडीच्या मुखाजवळ तिच्याखाली गाळ असतो. शिवाय भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. आपला किनारा सपाट: 50 मीटरला एक मीटर उतार धरला तर पाणी एक मीटर वर आलं की 50 मीटर आत येतं. चहा पिऊन येईपर्यंत चाकं पाण्यात.

तरीही कुणाची रुतलीच, तर चाक फिरायला लागताच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. रेटलं की चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते, मग चाकांना काही धरायलाच उरत नाही. सगळ्यांनी उतरा. चारही टायरांची हवा 32 वरून 18 पर्यंत उतरवा. पोटाखालची आणि पुढच्या चाकांसमोरची-मागची वाळू उपसा. बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. चाकाला लागून झावळ्या किंवा पायाखालचे रबरी मॅट घाला. मग स्टिअरिंग सरळ ठेवून, आलात त्याच चाकोरीतून हळूच मागे. डांबरी रस्त्यावर येताच हवा परत 32, नाहीतर कमी हवेने टायरच्या बाजू तापून फाटतात. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर गावातला ट्रॅक्टर बोलवा, पाचव्या प्रयत्नाची वाट पाहू नका. ओढायचा हूक बहुतेक गाड्यांत स्टेपनीपाशी सुटा असतो आणि बंपरमध्ये फिरवून बसवावा लागतो. तो आहे ना, हे घरीच बघा.

गाडी सुरूबनाच्या अलीकडे, कठीण जमिनीवर लावा. माडाखाली मात्र कधीही नाही. नारळ राहू दे, वाळकी झावळी पडली तरी काच जाते.

पोहण्याबद्दल थोडं. या गावांत जीवरक्षक असतीलच असं नाही. पाण्यात जायचं तर चढत्या भरतीला, कमरेएवढ्या पाण्यात. सुकती लागली की पाणी बाहेर ओढतं, आणि खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत जोरकस. लाटा फुटत असताना मधेच एक गडद, शांत पट्टा दिसतो. अनोळखी माणूस तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नाही. तोच ओढीचा रस्ता. अडकलात तर किनाऱ्याकडे झटू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा. उथळ पाण्यात पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा बाजूला होतो. कातळावर अनवाणी नको, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

सोबत रोख पैसे ठेवा, नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, सीएनजी गाडी असली तरी पेट्रोलची टाकी माणगावला भरा. घरगुती मुक्कामी जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. मोदक हवे असतील तर तेही. जून ते सप्टेंबर हा किनारा पोहणाऱ्याचा नाही.

परत आल्यावर गाडी धुताना वरून चकचकीत करून थांबू नका. मिठाचं पाणी आणि वाळू बसते ती खाली: चाकांच्या कमानीत, ब्रेकच्या चकत्यांत, सायलेन्सरच्या सांध्यांत. दोन दिवसांच्या आत, गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, खालून. आणि डिकीतले मॅट उचलून झटका, स्टेपनीच्या खोबणीत वाळू साचलेली असते, ती ओलसर राहते आणि तिथूनच पत्रा गंजायला लागतो.