डेकखाली कोण राहतं?

(नागपुरातल्या एका वसाहतीत रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सुरुवातीला एक विचारतो. ज्यांच्या घरामागे लाकडी डेक आहे त्यांनी हात वर करा. दहा-बारा जण दिसतात. आता डेक नाही, पण जिन्याखाली पोकळी आहे, ओट्याखाली भगदाड आहे, नाहीतर कूलरच्या स्टँडमागे वर्षभर कोणी हात घालत नाही अशी जागा आहे, त्यांनी हात वर करा. बघा, सभागृहातले जवळजवळ सगळेच.

महालातल्या, धंतोलीतल्या जुन्या घरांची जोती भरीव असायची. दगड-मातीनं गच्च. आता बेसा, दाभा, वर्धा रोडकडे जे नवे बंगले होतात त्यांच्या मागच्या अंगणात फूट-दीड फूट उंचीवर फळ्यांची जमीन करतात. संध्याकाळी तिथं चहा घ्यायला बरं वाटतं, मलाही वाटतं. पण फळ्यांच्या खाली काय तयार झालं, ते आपण पाहत नाही. माणूस शिरू शकत नाही, कुत्रं शिरायला कंटाळतं, ऊन पोचत नाही, अशी एक लांबलचक खोली आपण बांधली आणि तिला दार लावलं नाही.

मला फोन येतो तो साधारण रात्री अकराला. "सर, डेकखाली मसन्याऊद घुसून राहिला. या ना बाप्पा लवकर." मी विचारतो, तुम्ही पाहिला का? "नाही, पण आवाज येते." माझं आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. आवाज ऐकला, नाव ठरवलं आणि काढायला माणूस बोलावला. खाली कोण आहे हे पाहायचं मात्र राहूनच गेलं.

ते पाहायला पैसे लागत नाहीत. लागते रांगोळी. साधी पांढरी रांगोळी चाळणीनं चाळून, सूर्य मावळण्याआधी, डेकच्या फटीसमोर हातभर रुंद पट्ट्यात भुरभुरायची. पीठ टाकू नका, पिठाला मुंग्या येतात, उंदीर येतात आणि सगळे ठसे पुसून जातात. सकाळी झाडलोट होण्याच्या आधी बघायचं. चार गोल बोटं आणि नखांची खूण नाही, म्हणजे मांजर. चार बोटं आणि नखं उमटली, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. पाच बोटं आणि मागे चांगला तळवा टेकलेला, म्हणजे उदमांजर, ज्याला आपण मसन्याऊद म्हणतो. पाच बारीक बोटं आणि पुढे लांब नखांची टोकं, म्हणजे मुंगूस. पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच आणि जवळच उकरलेल्या मातीचा ताजा ढीग, म्हणजे घूस. दोन्ही बाजूंना नखं आणि मधून शेपटीची नागमोडी रेघ, म्हणजे घोरपड. नुसतीच रेघ, पाय नाहीत, तर मग हात मागे घ्यायचा आणि सर्पमित्राला फोन करायचा.

दिवसा ठसे पडले की रात्री पडले, हेही महत्त्वाचं आहे. त्यासाठी पट्टा सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा नवा करा. मुंगूस आणि घोरपड दिवसा हिंडतात, उदमांजर रात्री. पुढे फट बुजवायची वेळ याच्यावरच ठरते.

मसन्याऊदाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याच्यावर आपण नावापासूनच अन्याय केला आहे. स्मशानात प्रेतं उकरतो म्हणून मसन्या, असं लहानपणी आपल्याला सांगितलं गेलं. प्रत्यक्षात हा प्राणी मुख्यतः फळं खातो. उंबर, वड, जांभूळ, बोर, आंबा, पिकलेली पपई. जोडीला उंदीर, किडे, गोगलगाई. भिंतीच्या कडेवर किंवा गच्चीवर एकाच जागी बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर तो त्याचा माग. दोन ते पाच किलोचं जनावर. कधी त्याच्या जागेजवळ चिन्नोरचा भात शिजत असावा तसा वास येतो. बायकांना तो आधी कळतो, असा माझा अनुभव आहे, कारण स्वयंपाकघर बंद असताना भाताचा वास आला की त्या थबकतात. तो माणसावर चालून येत नाही. कोंडला, किंवा पिल्लं असली, तर चावतो. पण ते कोणतंही जनावर करेल.

आता तो आपल्याकडेच का आला? एक कारण खाणं. खाली पडलेली जांभळं, उघडी कचऱ्याची बादली, मांजरासाठी रात्रभर बाहेर ठेवलेली वाटी. दुसरं कारण खास आपल्या गावचं आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. आपण कूलर लावतो, खस बदलतो, टाकी भरतो. टाकी गळते, पाणी डेकवर येतं आणि फळ्यांच्या फटीतून खाली झिरपतं. आजूबाजूची जमीन तव्यासारखी तापलेली असताना सगळ्या गल्लीत एकच जागा गार, ओली आणि अंधारी असते, ती तुमच्या डेकखालची. बेडूक तिथं येतो, उंदीर तिथं येतो, मग त्यांना खाणारे येतात. मी घरी गेलो की जनावर शोधण्याआधी कूलरची टाकी बघतो.

तिसरं कारण पायाखालची माती. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराभोवती फरशीचा पट्टा केलेला असतो, त्याच्या खालची माती दोन-तीन वर्षांत खाली बसते आणि भिंत नि फरशीच्या मधे हात जाईल एवढी फट पडते. ठेकेदार वरून सिमेंट लिंपून जातो, पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा सुटतं. घूस तिथून सुरुवात करते. साप स्वतः बीळ खणत नाहीत. नाग असो, धामण असो, ते घुशी-उंदरांच्या बिळात राहतात. म्हणून ज्या घरात घूस वर्षभर पोसली गेली, त्या घरात साप निघाला तर मला नवल वाटत नाही.

मंडळी, पुढची गोष्ट सांगताना आजही बरं वाटत नाही, पण सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याच घरामागे जिन्याखाली उदमांजर राहायला आलं. रात्री ते बाहेर पडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. खूप हुशारी केल्यासारखं वाटून मी त्याच रात्री विटा आणि सिमेंटनं भोक बुजवलं. दुसऱ्या रात्री बाहेरून ओरखडण्याचा आवाज. तिसऱ्या रात्रीही. मला वाटलं, सवय आहे, जाईल. चौथ्या दिवशी पत्नी म्हणाली, आतून काहीतरी येतंय हो, बारीक आवाज. मी छिन्नी-हातोडा घेऊन भोक फोडलं. आत तीन पिल्लं होती. दोन गेलेली होती. एक जिवंत होतं, ते आई रात्री येऊन तोंडात धरून घेऊन गेली. मी खिडकीत उभा राहून पाहिलं. त्यानंतर मी एकही भोक आत पाहिल्याशिवाय बंद केलेलं नाही आणि कोणाला करू दिलेलं नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. बाहेर गेलं म्हणजे जागा रिकामी झाली, असं समजू नका. फटीत जुना पेपर चुरगळून सैल कोंबा. दोन रात्री, तीन रात्री पेपर जागचा हलला नाही, तर आत कोणी ये-जा करत नाही. तरीही बंद करण्याआधी टॉर्च घेऊन लांबून आत बघा, मोबाइल काठीला बांधून चित्रण करा, हात घालू नका. पिल्लं दिसली किंवा त्यांचा आवाज आला, तर थांबायचं. काही आठवडे. पिल्लं आईच्या मागे चालू लागली की बहुतेकदा ती स्वतःच जागा बदलते. तिला घाई करायची असेल, तर डेकखाली रात्रीचा दिवा सोडा, दिवसा रेडिओ लावून ठेवा. अंधार आणि शांतता गेली की आई दुसरीकडे पिल्लं हलवते. एवढी सोय तिच्यासाठी आपण करू शकतो.

पिल्लं नाहीत याची खात्री झाली की उदमांजरासाठी अंधार पडल्यावर तासा-दीड तासानं फट बंद करायची, तेव्हा ते चरायला गेलेलं असतं. मुंगसासाठी उलट, दिवसा, ते बाहेर गेलेलं असताना. मनात शंका असेल, तर बाकी सगळ्या फटी बुजवून एका जागी वरून बिजागरीवर लटकणारी जाळीची झडप लावा, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी. आतला बाहेर पडतो, पुन्हा आत येऊ शकत नाही. तीन-चार रात्रींनी ती जागाही बंद करायची. पिल्लं असताना ही झडप कधीही लावू नका, माझ्या विटांनी जे केलं तेच ती करेल.

जाळी कोणती, हा प्रश्न मला हार्डवेअरच्या दुकानाइतकाच विचारला जातो. कोंबडीजाळी नको, घूस ती वाकवते. जस्ताचा मुलामा दिलेली वेल्ड केलेली जाळी घ्या, अर्धा इंची घरांची. सापांची भीती असेल तर पाव इंची, कारण अर्ध्या इंचातून सापाचं पिल्लू सहज जातं. डेकच्या कडेला खिळून जाळी सरळ खाली जमिनीत फूटभर न्यायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर आडवी वळवायची, वर माती लोटायची. उकरणारं जनावर भिंतीला चिकटून उकरायला लागतं, पंजा आडव्या जाळीवर आदळतो, आणि दोन पावलं मागे सरून खणायचं त्याच्या ध्यानात येत नाही. हे काम दिवाळीनंतर करा. काळी माती तेव्हा खणायला बरी असते आणि पावसाळ्यातला अंडी-पिल्लांचा मोसम उलटलेला असतो. मे महिन्यात पहार मारून बघा, मग मी काय म्हणतो ते कळेल.

काय करू नये, ते भराभर सांगतो. फिनेल, डांबरगोळ्या, कार्बोलिक ॲसिड यांनी साप पळत नाहीत, तुमच्या घरातल्या पोरांना आणि कुत्र्यांना मात्र त्रास होतो. मिरच्यांची धुरी देऊ नका, लाकडाखाली निखारा नेणं हे घर पेटवायला बोलावणं आहे. उंदरांचं विष टाकू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, उदमांजर खातं, मांजर खातं, आणि मग उंदीर खाणारंच कोणी उरत नाही. पिंजरा लावून जनावर गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला सोडून येणं, हे तर अजिबात नको. त्याला तिथलं पाणी माहीत नाही, लपण माहीत नाही, तिथं आधीच दुसऱ्याचा वावर असतो. आणि तुमची फट उघडीच असल्यामुळे इथं महिन्याभरात दुसरा येतो.

शिवाय कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, विष घालणं हेही त्यात येतं. सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं हेसुद्धा. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच पंक्तीला. जनावर जखमी असेल, अडकलं असेल, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं वन्यप्राण्यांवर उपचार होतात. ही सोय आपल्या शहरात आहे, ती वापरा.

सापांचं थोडं वेगळं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ते तुम्हाला आठवत असेल. असं पाणी भरलं की बिळंही भरतात आणि साप कोरडी, उंच जागा शोधतो. डेक ही तशी जागा आहे. साप दिसला तर नजर त्याच्यावर ठेवा, अंतर ठेवा, सर्पमित्र येईपर्यंत इतकंच. चावलाच, तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. हात-पाय न हलवता थेट मेडिकल किंवा मेयो, यांपैकी एक सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही. आणि मुंगूस, उदमांजर किंवा घूस चावली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा, मग लगेच डॉक्टरांकडे जा. मुंगसापासून रेबीज होऊ शकतो.

आता प्रश्न घेऊ. हो, काकू, बोला.

काकू विचारतात, आमच्या डेकखाली चार वर्षांपासून मुंगूस आहे, त्रास काही नाही, आत पिल्लं असावीत असं वाटतं, आणि फट बुजवायला जाळीवाला बोलावला आहे. पण मुंगूस असलं की साप येत नाही म्हणतात, मग राहू द्यायचं का?

काकू, मुंगूस असताना साप येतच नाही, अशी हमी मी देणार नाही. मुंगूस दिवसा फिरतं, मण्यार रात्री निघते, दोघांची गाठ पडेलच असं नाही. पण ते उंदीर खातं, घुशीची पिल्लं खातं, आणि तुम्ही म्हणता तसं चार वर्षांत त्यानं तुमचं काही बिघडवलेलं नाही. माझं मत विचाराल, तर राहू द्या. फक्त घराच्या भिंतीला लागून असलेली फट जाळीनं बंद करा आणि डेकच्या टोकाची बागेकडची बाजू त्याला मोकळी ठेवा. पिल्लं असावीत अशी शंका तुम्हाला येते ना? मी उद्या सकाळी सातला येतो. तोवर जाळीवाल्याला थांबवा, आणि आज संध्याकाळी त्या बाजूला रांगोळी तेवढी टाकून ठेवा.