सरावाचा टेक

लंडन, 1970. ॲडव्हिजन स्टुडिओ. एमर्सन, लेक अँड पामर या नव्या बँडचा पहिला अल्बम जवळजवळ झालाय. फक्त एक गाणं कमी पडतंय.

ग्रेग लेक म्हणतो, माझ्याकडे एक आहे. जुनं. आईनं गिटार घेऊन दिली तेव्हा, बाराव्या वर्षी लिहिलेलं. हाताशी चार कॉर्ड, आणि गोष्ट एका श्रीमंत माणसाची. पांढरे घोडे, मऊ बिछाना, भोवती बायका. मग तो राजासाठी लढायला जातो, गोळी लागते आणि मरतो. गाण्याचं नाव मात्र 'लकी मॅन'!

लेक आणि ड्रमर कार्ल पामर दोघंच कामाला लागतात. गिटार, बेस, आवाजावर आवाज, सगळं लेकचंच. कीबोर्ड वाजवणारा कीथ एमर्सन तोवर पबमध्ये. परत येऊन ऐकतो, तर गाणं भरलेलं. आता आपण यात काय वाजवायचं?

कोपऱ्यात मूग सिंथेसायझर उभा होता, विजेवर सूर घडवणारं वाद्य. कपाटाएवढा, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या वायरी लोंबणारा. एका वेळी एकच सूर निघायचा. हवा तो आवाज बटणं पिळून, वायरी खोचून शोधायचा.

एमर्सन नुसता चाचपडत होता. लेक सांगायचा, की त्याला तो सराव वाटत होता, पण इंजिनिअर एडी ऑफर्डनं टेप चालू केली होती.

ऐका.

(गाण्याचा शेवट)

आधी खर्जात एकच सूर घुमतो. मग पट्ट्यांच्या मधल्या जागा पुसत, सरकत वर चढतो. आपण मींड म्हणू. पियानोवर ही मींड निघत नाही, कारण तिथं पट्ट्या बदलताना सूर तुटतो. एमर्सन तर पियानोवर वाढलेला, भरभर बोटांचा माणूस. इथं मात्र तो घाई करत नाही, सुराला पोचू देतो. मला तरी त्याच्या सगळ्या कसरतींपेक्षा हे जास्त आवडतं.

एमर्सनला पुन्हा वाजवायचं होतं. बाकीच्यांनी ऐकलं नाही.

सिंगल अमेरिकेत 1971 मध्ये 48व्या क्रमांकावर पोचलं, म्हणजे फार मोठं हिट नव्हे. पण रेडिओवर ते वाजत राहिलं.

1974च्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवरही हे गाणं आहे. तिथं लेक एकटाच गातो, हातात अकूस्टिक गिटार. मूग नाही.