कोल्ट नेव्ही: जुन्या रिव्हॉल्व्हरची पारख

(पडद्यावर: खिडकीजवळचं टेबल, बनातीचं कापड, त्यावर एक जुनं रिव्हॉल्व्हर.)

हे कोल्ट कंपनीचं १८५१ चं 'नेव्ही' रिव्हॉल्व्हर. आठ पैलूंची साडेसात इंची नळी, सहा घरांचं सिलिंडर, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कारखान्यात १८५० ते १८७३ या काळात अशी दोन लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर तयार झाली. म्हणजे हा नमुना दुर्मीळ नाही. तरीही दिसायला सारख्या दोन 'नेव्हीं'च्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो, आणि पुष्कळदा त्यातली कळकट दिसणारीच महाग असते.

पारखी माणूस ते हातात घेतो तेव्हा किमतीचा विचार सगळ्यात शेवटी येतो. हे काडतुसांच्या आधीचं, ठासणीचं हत्यार. दारू आणि शिशाची गोळी सिलिंडरच्या तोंडातून ठासायची, मागे तांब्याचा केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायचा. ठासलेली दारू कोरडी राहिली असेल, तर दीडशे वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. माळ्यावरच्या पेट्यांमधून अशी भरलेली रिव्हॉल्व्हर खरोखर निघालेली आहेत. म्हणून आधी सहाही घरं तपासायची. भिंग त्यानंतर.

(पडद्यावर: सिलिंडर अगदी जवळून, उजेडात हळूहळू फिरताना.)

उजेडाकडे जरा तिरकं धरलं, की सिलिंडरवर जहाजं दिसू लागतात. शिडं, डोलकाठ्या, तोफांचा धूर. टेक्सास तेव्हा स्वतंत्र देश होता; त्याचं आरमार मेक्सिकोच्या आरमाराशी कांपेचे या मेक्सिकन बंदराजवळ लढलं, तो हा प्रसंग. तारीखही कोरलेली आहे, १६ मे १८४३. कंपनीचा संस्थापक सॅम्युअल कोल्ट, त्याचा न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. त्या कारखान्याच्या मोजक्या गिऱ्हाइकांत टेक्सासचं आरमार होतं. त्या गिऱ्हाइकाची लढाई कोल्टने पुढे आपल्या मालावर चढवली, आणि 'नेव्ही' हे नावही तिच्यावरूनच रूढ झालं. चित्र ऑर्म्सबी या नक्षीकाराचं. पोलादी रुळाने दाबून उठवलेलं, त्यामुळे फार उथळ. कातडी म्यानातून आत-बाहेर होताना झिजतं ते आधी हेच. जहाजं किती शिल्लक आहेत यावरून रिव्हॉल्व्हरने किती सोसलंय ते कळतं, आणि माझ्या मते याच्याइतका प्रामाणिक साक्षीदार त्यावर दुसरा नाही.

मग नंबर. फ्रेम, नळी, चापाभोवतीची कडी आणि मुठीचा तळ, सगळीकडे एकच अनुक्रमांक हवा. नळी फ्रेमला धरून ठेवणारी एक छोटी पाचर असते. साफसफाईत ती हमखास हरवते आणि तिच्या जागी दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरची पाचर येऊन बसते. म्हणून तिच्यावरचाही नंबर जुळला, की संग्राहकाचा चेहरा खुलतो.

यापुढची गोष्ट मात्र जीव तोडून सांगावीशी वाटते. ही रिव्हॉल्व्हर घासू नका. चापाभोवतीच्या पितळी कडीवर मुळात बहुधा चांदीचा मुलामा असे. वापराने तो जातो, पण कडी फ्रेमला भिडते त्या खाचेत काळपट चांदीची बारीकशी रेघ उरते. पॉलिशचा हात फिरला, की नेमकी तीच रेघ जाते. पैलूंच्या धारा गोलावतात, स्क्रूभोवतीची भोकं बशीसारखी खोलगट होतात, नळीवरची पत्त्याची अक्षरं बुजतात. वरून नवा निळा रंग चढवला, तरी पुसलेली अक्षरं पुन्हा उमटत नाहीत. दीडशे वर्षांचं मूळ अंग एका दुपारच्या हौसेपायी जातं, आणि त्यासोबत किमतीचा मोठा हिस्साही.

नकलाही आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती बनू लागल्या. उघडपणे प्रतिकृती म्हणून विकल्या, तर त्यात काही गैर नाही. पण कुणीतरी त्यावरचे इटालियन चाचणीचे शिक्के कानशीने घासतो, आम्लाने धातू जुना करतो आणि अस्सल म्हणून खपवतो. शिक्के घासलेली जागा किंचित सपाट लागते. बोट फिरवलं तर कळते.

(पडद्यावर: दुसरं रिव्हॉल्व्हर, आखूड नळीचं. फ्रेमवर 'यू. एस.' हा शिक्का.)

सगळे नंबर जुळायला हवेत, या नियमाला एक अपवाद आहे. हे कोल्टचंच १८७३ चं 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हर. अमेरिकन सैन्याने घोडदळासाठी घेतलं तेव्हा याची नळी साडेसात इंचांची होती. १८९५ नंतर सैन्याने अशी रिव्हॉल्व्हर परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या, आणि दुरुस्तीत सुटे भाग एकमेकांत मिसळले. त्यामुळे 'आर्टिलरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नमुन्यावर वेगवेगळे नंबर असणं हेच बहुतेक वेळा खरेपणाचं लक्षण. इथे सगळे नंबर जुळले, तर जाणकार दुप्पट बारकाईने बघतो.

शेवटी कागद. कोल्ट कंपनीच्या दप्तरात जिथे नोंद टिकलीय, तिथे पैसे भरून अधिकृत पत्र मिळतं. रिव्हॉल्व्हर कधी आणि कुणाकडे रवाना झालं, नळी किती इंची होती, हे त्यात असतं. आज नळी आखूड आणि पत्रात लांब असेल, तर ती नंतर कापली हे उघड होतं.

कागदाचं वजन किती, ते २०२१ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ ला फोर्ट सम्नर इथे ज्या कोल्टने बिली द किड या कुख्यात गुंडाला मारलं, ते बोनहॅम्सच्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेलं. नमुना तोच, १८७३ चा. पण ते गॅरेटकडे कसं आलं आणि नंतर कुणाकुणाकडे फिरलं, हे सांगता येत होतं. मधे ते त्याच्या घराबाहेर गेलं होतं, तेव्हा त्याच्या विधवेने कोर्टात भांडून ते परत मिळवलं. तो खटला तिने आपल्या हक्कासाठी लढला, आणि त्या रिव्हॉल्व्हरच्या मालकीचा भक्कम पुरावा त्यातूनच तयार झाला.