पीडीएफ दिसते, पण वाचता येत नाही

[पडदा काळा. स्क्रीन रीडरचा आवाज.]

इ, जे, के, बी, एच. ऐकलंत ना? हा स्क्रीन रीडर, म्हणजे अंध माणसांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो बिघडलेला नाहीये, कॉम्प्युटरही व्यवस्थित आहे. आता तीच फाइल पडद्यावर बघा, ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘मराठी’. डोळ्यांना एकदम बरोबर दिसतंय. पण फाइलच्या आत म नाही, र नाही, ठ नाही, आत नुसती इंग्रजी अक्षरं आहेत आणि कृतिदेव फॉन्टनं वरून त्यांना मराठी मुखवटे चढवलेत. स्क्रीन रीडरला मुखवटा दिसत नाही, तो आतलं जे आहे ते वाचतो.

‘दिन’ हा साधा शब्द घ्या. कृतिदेवमध्ये आधी वेलांटी टाइप होते, मग द, मग न, म्हणजे आत एफ, एन, यू. म्हणून नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, वेलांटी उचलून द च्या नंतर न्यावी लागते, आणि त्यात जोडाक्षर आलं की ही अदलाबदल करणाऱ्या कन्व्हर्टरचाही गोंधळ उडतो.

यात कुणाचा दुष्टपणा नाही हो. नव्वदच्या दशकात कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असेच फॉन्ट वापरात होते, काम छपाईचं, कागदावर नीट उमटलं की झालं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० पासून कॉम्प्युटरवर ती सरळ टाइप करता येते, पण बोटांना लागलेली सवय सुटत नाही आणि जुन्या फायलीत तारीख बदलून नवी नोटीस काढायची पद्धत तर आपल्याकडे पक्कीच.

[ऑफिस. प्रिंटर, शिक्का, स्कॅनर.]

आता हा दुसरा प्रकार, आणि मला विचाराल तर हा जास्त चीड आणणारा. पत्र टाइप झालं, युनिकोडमध्ये झालं, छान. मग त्याची प्रिंट काढली, साहेबांची सही, गोल शिक्का, आणि मग तोच कागद स्कॅनरवर ठेवून पीडीएफ केली आणि चढवली वेबसाइटवर. आता त्यात एकही अक्षर उरलं नाही, तो नुसता कागदाचा फोटो आहे. स्क्रीन रीडर अशा पानावर येतो आणि गप्प बसतो. मूळ वर्ड फाइल त्याच कॉम्प्युटरवर पडून असते, ती कुणी चढवत नाही!

लोक म्हणतात ओसीआर आहे की आता, फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं. आहे, आणि चांगलं झालंय, नाही म्हणत नाही. पण तिरकं स्कॅन, झेरॉक्सची झेरॉक्स, आकड्यांवरच पडलेला शिक्का, अशात १ चा ९ व्हायला वेळ लागत नाही आणि मग अर्जाची शेवटची तारीख ११ का १९ हे शेजारच्याला विचारत बसा.

आणि अडचण काही फक्त पूर्ण अंध माणसांचीच नाही, ज्यांना अंधुक दिसतं ते अक्षर चारपट मोठं करतात तेव्हा स्कॅनचं पान फुटतं, ओळ स्क्रीनबाहेर जाते, प्रत्येक ओळीला डावीकडून उजवीकडे सरकत राहायचं. ज्यांचा हात माउसवर स्थिर राहत नाही त्यांना फॉर्ममध्ये टॅब दाबून पुढच्या चौकटीत जाता आलं पाहिजे, तिथे नुसती टिंबांची रेघ असेल तर भरायचं कुठे?

[कायद्याची पानं.]

कायदा नाही असं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, आणि २०१७ च्या नियमांत तर सरळ म्हटलंय की वेबसाइटवरची कागदपत्रं ईपब (ई-पुस्तकांचा फॉरमॅट) किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये हवीत. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सुप्रीम कोर्टानं सुगम्यतेचा हाच नियम, १५(१), मूळ कायद्याला धरून नाही असं ठरवलं, कारण तो शिफारशींसारखा वाचला जात होता, आणि केंद्राला सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ ला त्याच कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं.

पण कोर्ट काही टायपिंगच्या टेबलाशी येऊन बसत नाही, म्हणून आपण तिथे जाऊ.

[वर्डची स्क्रीन. की-बोर्डवर बोटं.]

हे शीर्षक आहे, बोल्ड केलंय, साइज वाढवलीय. स्क्रीन रीडरला त्यावरून हे शीर्षक आहे असं कळत नाही, त्याच्यासाठी ही एक साधी ओळ. आता तीच ओळ सिलेक्ट करून वरून ‘हेडिंग १’ स्टाइल दिली. बस. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणानं २००६ मध्ये सुरू केलेला, त्याच्या ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे नुसतं वाचत फिरायच्या मोडमध्ये, एच दाबलं की आता एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. चाळीस पानी परिपत्रकात ही उडी नसेल तर पहिल्या ओळीपासून ऐकत बसायचं.

टेबलात पहिली ओळ ‘हेडर रो’ करा आणि उगाच चौकटी मर्ज करू नका, नाहीतर ‘पाचशे, दोनशे, शून्य’ एवढंच ऐकू येतं, कसले पाचशे ते कळतच नाही. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे स्क्रीन रीडरनं वाचायचं वर्णन, द्या, पण ‘आलेख’ एवढंच नको, आलेख काय सांगतोय ते लिहा. भाषा मराठी सेट करा. आणि शेवटी ‘प्रिंट टू पीडीएफ’ करू नका प्लीज, त्यात हेडिंग-टेबलाची सगळी खूण पुसली जाते, ‘सेव्ह ॲज’ मधून पीडीएफ करा आणि ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटी टॅगची टिक आहे ना बघा. सही हवीच असेल तर डिजिटल सही आहे.

फाइल झाली की त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी आली तर अर्धं काम झालं. वेलांट्या इकडेतिकडे पळाल्या असतील तर पीडीएफसोबत वर्ड फाइलही द्या, आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, नाहीतर कन्व्हर्टरनं बदलून ओळ न ओळ तपासा. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी बंदची नोटीस फोटो काढून टाकता ना, तेव्हा खाली एक ओळ टाइप करा, कधी आणि किती वाजेपर्यंत बंद.