'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत? घर बघण्याआधी हे मोजा

नमस्कार मंडळी. मागे मी ठाण्यातल्या भाड्यांवर व्हिडिओ केला होता, त्याच्याखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज फक्त त्याच्यावरच बोलते. ताई, रोज लोकलने जायचंय, बाईक घ्यायची नाही, सकाळी शेअर रिक्षाच्या लाईनीत उभं राहायचं नाही, तर स्टेशनला चालत जाता येईल असा एरिया कसा निवडायचा?

आधी पटापट जे तुम्हाला माहितीच आहे ते. ऑफिस ज्या लाईनवर त्याच लाईनवर घर बघा, दादरला नाहीतर कुर्ल्याला रोज दोनदा गाडी बदलणं सहा महिन्यांत अंगावर येतं. फास्ट, म्हणजे मधली काही स्टेशनं सोडून जाणारी लोकल, थांबते का बघा, आणि थांबते म्हणजे तुमच्या वेळेला थांबते का, कारण मुलुंड-भांडुपला काही फास्ट थांबतात आणि काही सरळ निघून जातात. गाडी तिथून सुटते का बघा, डोंबिवली, ठाणे, बोरिवली इथून सुटणाऱ्या लोकल आहेत, त्यात बसायला मिळायची शक्यता तरी असते. डिपॉझिट, ब्रोकरेज, अकरा महिन्यांचा करार, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ आहे, तो बघा. एवढं झालं.

आता खरा मुद्दा. 'स्टेशन पाच मिनिटांवर'. हे वाक्य एजंट बोलतो, बिल्डरच्या बोर्डावर असतं, घरमालक फोनवर सांगतो, आणि आपण पुढचा प्रश्नच विचारत नाही. पाच मिनिटं कुठून कुठपर्यंत? सोसायटीच्या गेटपासून स्टेशनच्या पाटीपर्यंत? रिक्षा स्टँडपर्यंत? तिकीट खिडकीपर्यंत? आपल्याला पाटीपर्यंत जायचं नसतं हो, गाडीत चढायचं असतं. म्हणून मी कायम एकच सांगते, गेट ते डबा मोजा. बिल्डिंगच्या गेटमधून पाय बाहेर टाकला तिथे घड्याळ चालू, आणि तुमचा नेहमीचा डबा जिथे येऊन थांबतो तिथे बंद.

यावर एका दादांनी लिहिलंय, डब्याने काय फरक पडतो. पडतो ना. १२ डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते, १५ डब्यांची तीनशेच्या वर. पूल उतरतो एका टोकाला आणि लेडीज डबा येतो दुसऱ्या टोकाला, तर गर्दीतून अख्खा प्लॅटफॉर्म चालायला तीन-चार मिनिटं जातात, आणि सकाळच्या वेळेत तीन-चार मिनिटं म्हणजे एक गाडी गेली. ज्या बायका रोज ठरलेल्या डब्यानेच जातात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता माझं सांगते, कारण मी हे चुकून शिकलेय. डोंबिवलीत वाढले, नोकरी लागली लोअर परळला, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण भांडुप पश्चिमेला घर बघत होतो. एजंटने गॅलरीत नेलं आणि म्हणाला, ते बघा, गाडी दिसते, स्टेशन सात मिनिटं. गाडी खरंच दिसत होती. आम्ही टोकन देऊन मोकळ्या झालो. राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की ती सात मिनिटं रुळाकडेच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून, रूळ ओलांडून होती. "सगळे इथूनच जातात," हे त्याचं उत्तर. रस्त्याने, बाजाराच्या गल्लीतून, पुलावर चढून-उतरून मला लागायची १९ मिनिटं. रोजची बारा मिनिटं जास्त, तीही एका बाजूची.

आणि इथे मला राग येतो, तो मी लपवणार नाही. रुळावरून जाण्याचा वेळ सांगून घर विकणं, भाड्याने देणं, हे बंद झालं पाहिजे. रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हजार रुपयांपर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, पण दंडाचं सोडा, आपल्या लाईनवर रूळ ओलांडताना माणसं मरतात, आजही मरतात. ज्या घराचं अंतर रुळावरून मोजलंय ते अंतर खोटं समजा. एजंटला तोंडावर विचारा, पुलावरून किती मिनिटं? तो गप्प बसला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

जपानमध्ये राहणाऱ्या एका मराठी ताईंची कमेंट होती, त्यांनी फार छान माहिती दिली. तिकडे घराच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून चालत इतकी मिनिटं' लिहायचा नियमच आहे, ८० मीटरला एक मिनिट धरायचं, आणि वर थोडं जरी उरलं तरी पुढचं पूर्ण मिनिट लावायचं. म्हणजे ४१० मीटर असेल तर सहा मिनिटं लिहायची, पाच नाही. अर्थात सिग्नलला थांबण्याचा वेळ, चढ, हे त्यात येत नाही, म्हणून त्याही म्हणाल्या की स्वतः चालून बघतेच. पण निदान सगळ्यांचं माप एक आहे. आपल्याकडे प्रत्येक बोर्डाची पाच मिनिटं वेगळी, कोणाची रिक्षाने, कोणाची बाईकने, कोणाची रविवारी दुपारी.

हेच आता पुलाच्या बाजूने बघा. नकाशावर स्टेशनपासून ३०० मीटर दिसतंय पण तुम्ही पूर्वेला आणि तुमच्या गाडीचा प्लॅटफॉर्म पश्चिमेकडे, तर ते ३०० मीटर नसतात. वर चढायचं, पुलावर गर्दीबरोबर सरकायचं, परत उतरायचं. सेंट्रलला स्लोचा प्लॅटफॉर्म वेगळा, फास्टचा वेगळा, त्यामुळे तुम्ही रोज कुठली गाडी धरणार त्यावर तुमची बाजू ठरते, पूर्व की पश्चिम ते आधी ठरवू नका. पूल किती आहेत, किती रुंद आहेत, सरकता जिना वर जातो की खाली येतो, लिफ्ट चालू आहे का, हे सगळं बघा. माझी आई भांडुपला राहायला आली की तिच्या गुडघ्यांमुळे आम्हाला लिफ्टच्या टोकाने जावं लागायचं, मग १९ ची पंचवीस व्हायची.

आणि पूल ही साधी गोष्ट समजू नका. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ आठवा, एल्फिन्स्टन रोड स्टेशन, आताचं प्रभादेवी. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबले, मागून गाड्यांमधून लोक येतच राहिले, आणि त्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मी त्याच भागात नोकरीला होते, आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं त्या पुलावरून यायची. नंतर लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला, २०१८ च्या फेब्रुवारीत तो उघडला. पण तेव्हापासून मी कुठल्याही स्टेशनजवळ घर बघायला गेले की आधी सकाळी नऊला जिन्याच्या पायथ्याशी दहा मिनिटं उभी राहते. घर नंतर बघते.

तसंच डिलाईल पुलाचं. लोअर परळचा हा पूल २०१८ च्या जुलैत बंद झाला आणि पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षं! करी रोडवरून आम्ही किती वळसे घातलेत ते आमचं आम्हाला माहिती. म्हणून घराच्या वाटेवरच्या पुलाचं काम निघणार आहे का, हे शेजारच्या दुकानदाराला, पेपरवाल्याला विचारा. आणि ऑफिसच्या टोकालाही गेट ते डबा असतंच, ते उलटं मोजायचं, डबा ते ऑफिसचं गेट. त्या टोकाची वीस मिनिटं आपण मोजतच नाही.

तिसऱ्या बाजूने परत तेच सांगते, कंटाळू नका. कुठल्या वेळेला मोजलं? रविवारी सकाळी अकराला तुम्ही घर बघायला जाता, रस्ता मोकळा, पाच मिनिटांत स्टेशन. सोमवारी साडेआठला तोच रस्ता रिक्षा, शाळेच्या बस आणि हातगाड्यांनी भरलेला, फूटपाथ असला तर त्यावर दुकानाचा माल. म्हणून तीनदा चाला. एकदा तुमच्या सकाळच्या वेळेला, एकदा रात्री दहाला उलट्या दिशेने, दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का, एकटीला चालताना कसं वाटतं ते बघायला. आणि एकदा पावसात. पावसाळा नसेल तर तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, पाणी कुठपर्यंत येतं. वेस्टर्नवर अंधेरी सबवे जोराच्या पावसात भरतो हे आपण सगळे बघतो. तुमची चालायची वाट अशा सबवेतून जात असेल तर जुलैमध्ये ती वाट नाहीच असं समजा.

आता तो प्रश्न, जो सगळ्यात जास्त आलाय. घोडबंदरला मोठा टू बीएचके की नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके? दोन्ही पत्ते ठाणे पश्चिम. बघा, घोडबंदरला बाग आहे, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, मुलांना खेळायला जागा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण स्टेशनला जायला बस नाहीतर रिक्षा, म्हणजे तुमची सकाळ ट्रॅफिकच्या हातात. नौपाड्यात लिफ्ट नसेल, पाण्याची वेळ ठरलेली असेल, पण गोखले रोड, राम मारुती रोडवरून चालत स्टेशन, आणि येताना भाजी, दूध, औषधं, मुलांच्या वह्या सगळं वाटेवर. मला विचाराल तर दोघंही लोकलने जाणारे असतील तर नौपाडा, डोळे झाकून. एक जण घरून काम करत असेल आणि लहान मूल असेल तर घोडबंदरचा विचार करा. डोंबिवलीचंही तसंच, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या कॉम्प्लेक्सचा पत्ता डोंबिवली पूर्व असतो, म्हणून ते फडके रोडच्या जवळ होत नाही. मी फडके रोडच्या मागे वाढले. बाबा साडेसातला स्टेशनवर उतरायचे आणि आठच्या आत घरात, हातात पालेभाजीची जुडी. चालण्याजोगा एरिया म्हणजे माझ्या डोक्यात अजूनही तेच आहे.

आणि एक, 'नवीन स्टेशन होणार आहे' म्हणून घर घेणाऱ्यांसाठी. नवी मुंबईतली उरण लाईन १९९६-९७ साली मंजूर झाली, खारकोपरपर्यंत गाडी आली २०१८ ला, उरणला २०२४ च्या जानेवारीत. त्याच दिवशी ठाणे-वाशी लाईनवरचं दिघा गाव स्टेशन उघडलं, जे त्याआधी काही महिने तयार होऊन बंदच होतं. ज्यांनी आधी घरं घेतली त्यांनी हप्तेही भरले आणि रिक्षाचे पैसेही. आज जी गाडी आहे तिच्यावरच घर निवडा, पुढचं स्टेशन आलं तर आनंदच आहे.

हां, आणि कोणीतरी विचारलंय की किती मिनिटांपर्यंत चालेल. माझं मत, गेट ते डबा १२ मिनिटं असेल तर घ्या, १५ पर्यंत सावली आणि फूटपाथ असेल तर घ्या, त्याच्या पुढे गेलं की दोन महिन्यांत तुम्ही रिक्षाने जायला लागता, मी पण लागले होते, आणि मग महिन्याच्या रिक्षाच्या पैशात स्टेशनजवळचं थोडं जास्तीचं भाडं निघून गेलं असतं.

खाली कमेंटमध्ये तुमचं गेट ते डबा लिहा. स्टेशनचं नाव, पूर्व की पश्चिम, सकाळी किती वाजता मोजलं, आणि पुलावरून मोजलंय ना तेही. सोसायटीचं नाव लिहू नका, त्याची गरज नाही. पुढच्या आठवड्यात हार्बरची स्टेशनं घेते, वाशी ते पनवेल, तर तिकडच्या मंडळींनी आधी लिहा.