पहिल्या पगाराची संध्याकाळ

नमस्कार, श्रोते हो.

1948च्या फॅक्टरी कायद्यानुसार पाचशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागे. मी तसा एक होतो. त्या खुर्चीतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेला माणूस पहिल्या दिवशी घसरत नाही. घसरतो तो पहिल्या पगाराच्या संध्याकाळी.

केंद्रात उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं आखलेलं असतं आणि खिसा रिकामा असतो. बाहेर आलं की शिफ्ट सुटते, गेटसमोर तीच टपरी, तेच सोबती. ‘एकाने काय होतंय?’ आता पगार बँकेत जातो खरा, पण एटीएमही गेटशेजारीच!

केंद्र आणि नोकरी यांच्यामध्ये एखादी पायरी हवी. अमेरिकेत मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला 1975 साली असंच एक सरकारी मधलं घर बंद व्हायला आलं. राहणाऱ्यांनी काय केलं? ते घर स्वतःच भाड्याने घेतलं. त्याचं नाव ऑक्सफर्ड हाउस. पगारी कर्मचारी नाही, निर्णय मतदानाने, भाडं प्रत्येकाने आपल्या कमाईतून द्यायचं. प्यायलास तर बाहेर. नाही प्यायलास तर हवे तितके दिवस राहा. भाडं भरायचं म्हणजे कामाला जावंच लागतं, आणि संध्याकाळी परतायचं ते त्याच वाटेवरच्या माणसांत. मला यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

आपल्याकडे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा मधल्या घरांची तरतूद आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मनोविकारही त्यात धरले आहेत. पण आपला माणूस बहुधा थेट घरीच येतो. मग ती पायरी बायकोने, आईने व्हायचं. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला, तो उगीच नाही.

जाता जाता एक. दारू सोडवायची गोळी गुपचूप आमटीत कालवू नका. ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं. ती त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची. घरात कुणाला विचारायचंच असेल तर 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे.

आता माझी चूक सांगतो. आमचा एक फिटर केंद्रातून परत आला. मी त्याची रात्रपाळी बंद केली, ओव्हरटाइम थांबवला. ते बरोबरच होतं, कारण झोपमोड झाली की तलफ चाळवते. पण वर शहाणपणा करून त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तीन आठवड्यांनी तो केबिनमध्ये आला. “साहेब, तिथे सगळे मला आजाऱ्यासारखं बघतात. हाताला काम नसलं की डोकं तिकडेच जातं. मला माझं मशीन द्या.”

दिलं. जनरल शिफ्टमध्ये, फोरमनला विश्वासात घेऊन. पगार बायकोच्या खात्यात वळवायचा अर्ज त्याने स्वतः लिहिला. गुरुवारी ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला वेळेवर सुटायची सवलत त्याने मागून घेतली.

पगाराच्या दिवशी मात्र तो माझ्या स्कूटरच्या मागच्या सीटवर असायचा. टपरीपाशी स्पीडब्रेकर होता. तेवढा एक मी महिन्यातून एकदा जोरात उडवायचो. तो मागून म्हणायचा, “साहेब, पाठ!”

नमस्कार.