अघोरघंटाची शिष्या

मंडळी, भयकथेतल्या धर्मवेड्या गुरूबद्दल बोलायचं तर ग्वाल्हेरकरांना फार लांब जावं लागत नाही. डबऱ्याच्या बाजूला, सिंध आणि पार्वती नद्यांच्या संगमाजवळ पवाया नावाचं गाव आहे. हीच प्राचीन पद्मावती, असं संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांनी उत्खननातून मांडलं. तिथे सापडलेला मणिभद्र यक्ष आपल्या गुजरी महालातल्या संग्रहालयात आहे. संस्कृत नाटककार भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा, आठव्या शतकातला. त्याने ‘मालतीमाधव’ या दहा अंकी नाटकासाठी नगर निवडलं ते हेच.

पाचवा अंक स्मशानात घडतो. मालतीचं लग्न राजाच्या मर्जीतल्या नंदनाशी ठरतं आहे, म्हणून हताश झालेला तिचा प्रियकर माधव पिशाचांना नरमांस विकायला रात्री तिथे आला आहे. नायकाच्या हातात काय आहे, हे विसरू नका. तेवढ्यात कराला देवीच्या, म्हणजे चामुंडेच्या, देवळातून ओळखीचा आवाज येतो. आत अघोरघंट नावाचा कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा शैव साधक, आणि त्याची शिष्या कपालकुंडला मालतीला बळी द्यायला निघालेले असतात.

अघोरघंटाचं मालतीशी वैर नाही. तिच्या बापाच्या संपत्तीवर किंवा तिच्या देहावर त्याचा डोळा नाही. देवीला स्त्रीरत्न अर्पण करीन, असं तो बोलून बसला आहे आणि साधना पुरी व्हायची तर शब्द पाळायला हवा. वार करण्यापूर्वी ते दोघं चामुंडेची स्तुती गातात, आणि ती स्तुती भवभूतीने मन लावून लिहिली आहे. मग मालतीला सांगतात, तुला जो प्रिय असेल त्याचं स्मरण कर. मला या अंकातली सगळ्यात भयंकर जागा हीच वाटते. सुरी हातात असताना ते तिच्याशी सौजन्याने वागतात, कारण आपण काही वाईट करतो आहोत असं त्यांना क्षणभरही वाटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. प्रत्यक्ष आयुष्यात बुवा समोर आला की आपला पहिला प्रश्न असतो, हे खरं आहे का? तो योग्यच प्रश्न आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी तो आयुष्यभर विचारला. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. हातचलाखी उघडी पाडली की बुवाचा जोर ओसरतो. पण अद्भुतकथेत लेखकाच्या हाती हे शस्त्र नसतं. तिथे भूत खरंच आलेलं असतं, मंत्र खरंच फळतो. कपालकुंडला याच अंकात रंगमंचावर येते ती आकाशमार्गाने. म्हणजे या मंडळींची विद्या खोटी नाही. मालतीचा बळी गेला असता तर अघोरघंटाला कदाचित सिद्धी मिळालीही असती. माधव हा हिशेब करत बसत नाही, तो सरळ तलवार उपसतो.

म्हणून मी म्हणतो, धर्मवेडा गुरू हा अद्भुतकथेतला सर्वांत अवघड खलनायक आहे. तुमच्या कथेच्या जगात त्याचं म्हणणं खरं ठरू शकतं, आणि तरीही तो चूक आहे हे तुम्हाला दाखवायचं असतं. पुष्कळ लेखक इथे कच खातात. शेवटच्या पानावर गुरूची तिजोरी सापडते, एखादी फसवलेली बाई पुढे येते, आणि वाचक सुटतो. भोंदू निघाला, प्रश्न मिटला. मॅथ्यू लुइसच्या 1796 सालच्या ‘द मंक’ कादंबरीतही मठातला साधू अम्ब्रोसिओ वासनेने घसरत जातो आणि तिथून त्याची माझ्यावरची पकड सुटते. त्याआधीचा अम्ब्रोसिओ मात्र विसरता येत नाही. गरोदर असलेली तरुण जोगीण त्याच्या पाया पडते, दयेची भीक मागते, आणि हा अजून निष्कलंक असलेला साधू तिचं गुपित मठाच्या प्रमुख बाईंच्या हवाली करतो. तेव्हा तो ढोंगी नसतो. तेव्हाच तो खरा भीतिदायक असतो.

स्टीफन किंगने 1980 च्या ‘द मिस्ट’मध्ये हे नेमकं पकडलं आहे. धुकं येतं, धुक्यात माणसं खाणारे जीव आहेत, आणि गावातले लोक एका मोठ्या दुकानात कोंडले गेले आहेत. त्यांच्यात मिसेस कारमोडी आहे, देवाच्या कोपाची भाषा बोलणारी. आधी तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण बाहेरचं संकट खरं आहे, माणसं खरीच मरताहेत, आणि ते का घडतं आहे याचं उत्तर तिच्याखेरीज कोणाकडे नाही. घाबरलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ हे उत्तर सोसवत नाही. ऐकणारे वाढत जातात, आणि एक वेळ अशी येते की ती एका लहान मुलाचा बळी मागते आणि माणसं त्याला धरायला पुढे सरकतात. कालपर्यंत ही एकमेकांची शेजारी होती. कथेतल्या कुठल्याही राक्षसापेक्षा ते पुढे सरकणं मला जास्त हादरवतं.

आपल्याकडे हा पुरोहित पडद्यावर फार लवकर आला. प्रभातच्या 1934 च्या ‘अमृतमंथन’मध्ये राजा बळीची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याच्या जिवावर उठतो. तो चित्रपट भुताखेतांचा नाही, पण मराठी आवृत्तीत केशवराव दाते यांनी उभा केलेला राजगुरू बघा. पडदाभर पसरलेला तो डोळा! त्या डोळ्यात लोभ नाही, नुसती खात्री आहे. मराठी भयकथेत मात्र आपण मांत्रिकावर फार विसंबलो. मांत्रिक एकटा असतो, रात्रीचा असतो. धर्मवेड्या गुरूला भरदिवसाची गर्दी लागते, आणि ती गर्दी आपल्या कथांत अजून पुरेशी आलेली नाही. आली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा भवभूतीकडे येतो, कारण त्याने आणखी एक गोष्ट जाणली होती. माधव अघोरघंटाला मारतो, पण नाटक पाचव्या अंकात संपत नाही. कपालकुंडला उरते. गुरूच्या वधाचा सूड म्हणून पुढे ती मालतीला उचलून नेते, आणि गुरूला न जमलेलं काम जवळजवळ पुरं करते. मालतीला वाचवते ती सौदामिनी. ही पूर्वी बौद्ध भिक्षुणी कामंदकीची शिष्या होती, आणि आता श्रीपर्वतावर तिने जे व्रत घेतलं आहे ते कापालिकाचंच. व्रत तेच, सिद्धीही त्याच वाटेची. एक मालतीला मारायला नेते, दुसरी तिला परत आणते. अघोरघंटावरून सगळ्या पंथाला फासावर देण्याचा सोपा रस्ता भवभूतीला मोकळा होता. तो त्या रस्त्याने गेला नाही.

इथे लिहिणारी तरुण मुलं बसली आहेत, त्यांना माझी विनंती आहे. तुमचा गुरू मेल्यावर कथा थांबवू नका. त्याच्या मागे बसलेली ती मुलगी बघा, जी त्याच्याबरोबर स्तुती गात होती. ती तिथे कशी आली, तिला काय मिळालं, तो गेल्यावर ती कोणाकडे जाईल, हे लिहा. भवभूतीने कपालकुंडलेच्या आधीच्या आयुष्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही, आणि ती जागा अजून मोकळी आहे.